सणाच्याच दिवशी भूत का येतं?

भयकथा वाचणाऱ्यांच्या एक गोष्ट लक्षात आली असेल. या कथांमधल्या माणसांना कामाच्या दिवशी सहसा काही होत नाही. मंगळवारी दुपारी रेशनच्या रांगेत किंवा घटक चाचणीचे पेपर तपासताना कुणाला भूत भेटलं, असं मी तरी वाचलेलं नाही. भूत येतं ते दिवाळीत, नाताळात, मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला, लग्नघरात, विसर्जनाच्या रात्री. अख्खं वर्ष मोकळं पडलेलं असताना त्याला नेमका सणाचाच दिवस का सापडतो?

नेहमीचं उत्तर असं की आनंदाच्या दिवशी भीती उठून दिसते, पांढऱ्या कुर्त्यावर डाग पडावा तशी. दुसरं उत्तर लेखकाच्या सोयीचं आहे. सणाला सगळं कुटुंब एका छताखाली आणता येतं, त्यासाठी वेगळं कारण शोधावं लागत नाही. डॉक्टर गावाला गेलेला असतो, गॅरेज बंद असतं, शेवटची एसटी निघून गेलेली असते. संकट आलं तर मदत येणार नाही, याची सोय कॅलेंडरनेच करून ठेवलेली असते. दोन्ही उत्तरं खरी आहेत, पण माझं त्यांनी समाधान होत नाही. आनंदाचा दिवस म्हणाल तर बक्षीस समारंभही आनंदाचाच असतो. तिथे भुतांची गर्दी दिसत नाही.

इंग्रजांनी या गोष्टीचा रीतसर धंदा केला. चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी बाजारात आलं. आपण ते शाळेत दयाळूपणाची गोष्ट म्हणून शिकवतो, पण ती मुळात भुताची गोष्ट आहे. स्क्रूजचा भागीदार मार्ले नाताळच्या आदल्या रात्री येतो. सात वर्षांपूर्वी त्याच रात्री तो मेलेला असतो. पुढे डिकन्स आपल्या साप्ताहिकाचे नाताळ अंक काढायचा. त्याची ‘द सिग्नलमन’ ही रेल्वेच्या बोगद्यापाशी घडणारी गोष्ट १८६६ च्या अशाच अंकात आली. हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’ची (१८९८) सुरुवातच नाताळच्या आदल्या रात्री शेकोटीभोवती होते. केंब्रिजमधले एम. आर. जेम्स हे पेशाने जुन्या हस्तलिखितांचे अभ्यासक. नाताळात मित्रांना जमवून ते स्वतः लिहिलेल्या भुताच्या गोष्टी वाचून दाखवायचे. ‘ड्रॅक्युला’त (१८९७) सराईतली म्हातारी त्या तरुण वकिलाला परोपरीने विनवते की आज सेंट जॉर्जच्या सणाची आदली रात्र आहे, आज जाऊ नको. तो अर्थातच जातो. नाहीतर कादंबरी कशी होणार?

हे वारं आपल्याकडेही आलं. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नाताळ अंकांच्या धर्तीवर. पुढे दिवाळी अंकांत गूढकथा आणि भयकथा यांची जागा ठरून गेली. ‘नवल’, ‘धनंजय’ यांसारखे अंक तर त्यासाठीच घेतले जायचे. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी मला पहिल्यांदा भेटले ते दिवाळीतच. शेजारच्या काकूंकडून फराळाचं ताट यायचं आणि पुढच्या आठवड्यात त्यांचे वाचून झालेले अंक. अनेक पानांवर चिवड्याच्या तेलाचे डाग असायचे. लक्ष्मीपूजनाच्या दिव्यांच्या चित्रामागे रक्तपिपासू वाड्याची गोष्ट असते, यात काही विसंगती आहे असं त्या घरात कुणाला वाटलं नाही आणि आमच्या घरातही वाटलं नाही.

काही जण याचं कारण ऋतूमध्ये शोधतात. नाताळ वर्षातल्या सगळ्यात लांब रात्रींच्या सुमाराला येतो, दिवाळी अमावस्येला येते. अंधार मोठा, म्हणून दिवे, आणि दिव्यांच्या पलीकडे भुतं. पटण्यासारखं आहे. पण मी मुस्लिम घरातली. आमचं कॅलेंडर या हिशेबात बसत नाही. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळे आमचा प्रत्येक सण तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंमधून फिरून येतो. शब-ए-बरात मी कडक उन्हाळ्यात पाहिली आहे, भर पावसात पाहिली आहे आणि स्वेटर घालूनही पाहिली आहे. शिवाय ती येते शाबानच्या पंधराव्या रात्री, म्हणजे जवळजवळ पौर्णिमेला. आकाशात पूर्ण चंद्र, कब्रस्तानात दिवे, फुलं, अत्तर, उदबत्त्या, रस्त्यावर नवी टोपी घातलेली पोरं. आणि तरीही आमच्या घरातल्या सगळ्यात जास्त घाबरवणाऱ्या गोष्टी त्या रात्रीच्या आहेत. तेव्हा नुसत्या अंधारावर हे भागत नाही.

मला वाटतं, उत्तर शब्दातच आहे. ‘ईद’ हा शब्द अरबी कोशकार ‘परत येणे’ या अर्थाच्या धातूशी जोडतात. जो दिवस दरवर्षी परत येतो तो ईद. कुठलाही सण असाच असतो. तो नवीन नसतो, त्याच तिथीला, त्याच पदार्थांसकट तो परत येतो. आणि भूत म्हणजे तरी कोण? परत येणारा माणूस. मराठीत तर भूत आणि भूतकाळ शेजारी शेजारीच राहतात. गेलेला दिवस परत येऊ शकतो, तर त्या दिवशी घरात असलेली माणसं का येणार नाहीत, असा हा साधा हिशेब आहे. मार्ले त्याच रात्री येतो. ‘हॅलोविन’ (१९७८) या सिनेमात १९६३ साली हॅलोविनच्या रात्री बहिणीचा खून केलेला मुलगा पंधरा वर्षांनी हॅलोविनलाच आपल्या गावी येतो. आता आमच्या मुलांनाही मोबाईलमुळे हॅलोविन ठाऊक झाला आहे. भोपळ्याची तोंडं त्यांना माहीत आहेत. पण तो सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्रीचा दिवस आहे आणि त्याला लागूनच मृतांसाठी प्रार्थना करण्याचा दिवस येतो, हे सांगितलं की ती म्हणतात, “मॅडम, म्हणजे शब-ए-बरातच की!”

अगदी तसंच नाही, पण फार लांबही नाही. सर्वपित्री अमावस्येला पितरांसाठी पान वाढलं जातं. शब-ए-बरातला आमच्याकडे हलवा होतो, फातेहा होते, पुरुष माणसं कब्रस्तानात जातात. गेलेल्यांच्या रूह त्या रात्री घरी येतात आणि दारात उभ्या राहून आपल्या नावाने काही झालं का ते पाहतात, असं जुन्या बायका सांगत. काही घरांत आदल्या दिवशी ‘अरफा’ करत. त्या वर्षात गेलेल्या माणसाच्या नावाने ही वेगळी फातेहा झाल्याशिवाय तो इतर मयतांत मिसळत नाही, असा समज होता. आलिमांनी हे सगळं नाकारलं आहे. रूह बर्झखमध्ये असते, ती हलवा खायला येत नाही. अकीद्याच्या बाबतीत मी आलिमांच्याच बाजूची आहे आणि तसं मुलांना सांगतेही. पण गोष्ट म्हणजे अकीदा नव्हे. गोष्टीला गोष्ट म्हणून ऐकण्याइतकी अक्कल आठ वर्षांच्या मुलालाही असते. ती मोठ्यांना का नसावी, हे मला कळत नाही.

सणाच्या दिवशी आपण घरातली माणसं मोजतो. इतर दिवशी कोण जेवायला आहे, कोण नाही, याचा हिशेब ढिला असतो. सणाला शीरखुर्म्याचे वाडगे भरताना मोजावंच लागतं. तेव्हा कळतं की एक वाडगा कमी लागतोय. मयत झालेल्या घरातली पहिली ईद कशी असते, ते ज्याने पाहिलंय त्याला मी काय म्हणते ते समजेल. चाळिसाव्यापर्यंत माणसं येत-जात असतात, घर भरलेलं असतं. तो माणूस खरा जातो तो पहिल्या ईदला. भयकथा लिहिणारे या मोजणीवरच बोट ठेवतात. मोजल्यावर एक माणूस कमी भरतो, किंवा एक जास्त भरतो.

म्हणूनच जे दिवस मुळात अशुभ समजले जातात त्यांच्या गोष्टी सहसा फुसक्या निघतात. दख्खनमध्ये सफर महिन्याचे पहिले तेरा दिवस ‘तेरा तेजी’ म्हणून जड मानतात. पैगंबरांनी सफरमध्ये काही अशुभ नाही असं स्पष्ट सांगूनही मानतात. पण तेरा तेजीची एकही चांगली भुताची गोष्ट मी ऐकलेली नाही. ऐकणारा आधीच सावध होऊन बसलेला असतो. उलट रमजानकडे पाहा. या महिन्यात सैतान साखळदंडात असतो, हे आमच्या प्रत्येक पोराला माहीत असतं. म्हणून रमजानभर मुलं रात्री बिनधास्त फिरतात, तरावीहनंतर कब्रस्तानाच्या भिंतीवरून चालतात. दादीने बरोबर तिथेच बोट ठेवलं होतं. ईदच्या संध्याकाळी ती म्हणायची, “आज सैतान छुट्या, इमली के नीचे नक्को जाव।” महिनाभर बांधलेला, भुकेला, नुकताच सुटलेला! शिवाय ईदचा चंद्र कोवळा असतो, लवकर मावळतो आणि पुढे सगळी रात्र काळोखी. नव्या कपड्यांत, खिशात ईदी खुळखुळत असताना त्या चिंचेजवळून धावत घरी येण्याचा वेग मला पुन्हा कधी गाठता आला नाही.

आता शाळेतली गोष्ट. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. ‘माझा आवडता सण’ आणि ‘मी सुट्टी कशी घालवली’ हे निबंध वाचून वाचून मला पाठ झाले आहेत. मुलांना ते माझ्याआधीच पाठ असतात. म्हणून एका वर्षी आठवीला सांगितलं, भीतीची गोष्ट लिहा. दिवस-वार मी काही सांगितला नव्हता. तरी बहुतेकांनी सुट्टी किंवा सणच निवडला. नानीचं गाव, मामूची शादी, बकरी ईदच्या आदल्या रात्री बोलू लागलेला बकरा (ही गोष्ट फार छान होती). आणि एका मुलीच्या गोष्टीत भूतच नव्हतं. तिचे वडील शिलाईकाम करतात. चाँदरातला दुकान उशिरापर्यंत चालू असतं. गोष्टीतली अम्मी मेहंदी लावून बसली आहे. शेजारच्या गावात दगडफेक झाल्याचा मेसेज मोबाईलवर येतो. अब्बांचा फोन बंद. अम्मी चार वेळा दारात जाऊन येते. तिच्या हातावरची मेहंदी दाराच्या कडीला लागते. रात्री दीड वाजता अब्बा येतात. फोनचं चार्जिंग संपलं होतं, गिऱ्हाईक संपत नव्हतं. मेसेज खोटा होता. गोष्ट संपली.

भाषेच्या चुका बऱ्याच होत्या. मी त्या लाल शाईने दुरुस्त केल्या आणि खाली काय शेरा द्यावा यावर बराच वेळ थांबले. कारण सणाच्या भयकथेचे सगळे नियम त्या पोरीने पाळले होते. सगळे घरात असायला हवेत अशी रात्र, आणि मोजल्यावर एक माणूस कमी.

हीच मोजणी करणारे दुसरेही लोक आहेत. ८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात बॉम्बस्फोट झाले. तो शुक्रवार होता आणि शब-ए-बरात होती. माणसं जुम्याच्या नमाजला आणि बड्या कब्रस्तानात आपल्या मयतांना भेटायला आली होती. तीसहून अधिक जण त्या दिवशी स्वतःच मयत झाले. २१ एप्रिल २०१९ रोजी श्रीलंकेत ईस्टरच्या सकाळी चर्च आणि हॉटेलं उडवली गेली, अडीचशेहून अधिक माणसं मेली. मारणारे स्वतःला मुसलमान म्हणवत होते, हे लिहिताना माझा हात जड होतो, पण मालेगाव लिहून कोलंबो गाळणं मला जमणार नाही. या लोकांनी तारखा सहज निवडलेल्या नाहीत. भयकथेच्या लेखकाला जे माहीत असतं तेच त्यांनाही माहीत होतं: आज सगळे एकत्र असतील, बेसावध असतील, आणि हा दिवस दरवर्षी परत येईल. एकदाच मारायचं आणि दरवर्षी घाबरवायचं.

मग काही जण म्हणतात, मॅडम, सणाला पोलीस बंदोबस्त बघून पोरं आधीच घाबरलेली असतात, त्यात तुमची भुतं कशाला? माझं मत अगदी उलट आहे. मोबाईलवर येणाऱ्या भयकथेत येणारा नेहमी बाहेरचा असतो. दुसऱ्या मोहल्ल्यातला, दुसऱ्या मिरवणुकीतला, ज्याचं तोंड आपण पाहिलेलं नसतं. तिकडच्या मुलांच्या मोबाईलवर हाच राक्षस टोपी घालून येत असणार. दोन्हीकडची मुलं एकमेकांचं भूत होऊन सण साजरा करतात. या गोष्टीला शेवट नसतो, कारण ती संपली तर पुढचा मेसेज कोण उघडणार?

जुन्या गोष्टीतलं भूत मात्र घरातलं असतं. तो आपलाच भागीदार असतो, बहीण असते, सून असते. ते कुणाचं तरी काही तरी देणं लागतं किंवा कुणी तरी त्याचं देणं लागतं. मार्ले काही स्क्रूजचा जीव घ्यायला येत नाही, तो हिशेब दाखवायला येतो. ही भीती मुलांना जरूर द्यावी, असं मला शिक्षक म्हणूनही वाटतं आणि दोन मुलांची आई म्हणूनही.

आमच्या दादीकडे अशी एक गोष्ट होती. एका घरात तीन भाऊ, एक बहीण. बाप गेल्यावर भावांनी घर आपसात वाटून घेतलं. बहिणीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिलेला, पण तिला सांगितलं की तुझं माहेर कुठे जातंय, ईदला ये, साडी घेऊन जा. ती दरवर्षी यायची, साडी घ्यायची, जायची. एक दिवस वारली. पुढच्या ईदला नमाजहून येऊन भाऊ जेवायला बसले, तर उंबऱ्यात ती उभी. आत येईना, काही बोलेना, साडी दिली तर घेईना. नुसती दालनाच्या भिंती मोजत राहिली. मोठ्या भावाने फातेहा पढवली, मौलवींना बोलावलं, लिंबू बांधलं, ताबीज लावलं. दर ईदला ती यायचीच. आम्ही पोरं रजईत अंग चोरून विचारायचो, “फिर क्या हुआ दादी? हिस्सा दिये क्या?” दादी म्हणायची, “अगली ईदकू बोलतूं।” आणि पुढच्या ईदला गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

दादी गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी अब्बा घराची जुनी कागदपत्रं लावत होते, तेव्हा एक हक्कसोडपत्र निघालं. त्यावर दादीचा अंगठा होता. तिच्या तीन भावांना तिने लिहून दिलेलं. अब्बांना ते माहीत होतं. आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं. दर ईदला तिला माहेरहून साडी यायची, ती मात्र आम्हा सगळ्यांना आठवत होती.

आज आमच्या वस्तीत अशी हक्कसोडपत्रं सर्रास होतात. सही करणारी बहीण शिकलेली असते, भाऊ पाच वेळचे नमाजी असतात, आणि शब-ए-बरातचा हलवा बिदअत आहे की नाही यावर तेच भाऊ दोन दोन तास वाद घालू शकतात. हलव्याबद्दल त्यांचं बरोबर असेल. उंबऱ्यात उभ्या राहणाऱ्या फुप्पीबद्दल ते काय म्हणतात, ते मला ऐकायचं आहे.

मराठीत दिवाळी अंकांसाठी शेकडो भयकथा लिहिल्या गेल्या. ईदच्या दिवशी घडणारी, मुस्लिम घरातली भयकथा मला मराठीत अजून वाचायला मिळालेली नाही. आमच्यातल्या लिहिणाऱ्यांनी दंगलीवर लिहिलं, तलाकवर लिहिलं, गरिबीवर लिहिलं. चिंचेखालचा सुटलेला सैतान आणि दालनाच्या भिंती मोजणारी बहीण मात्र कागदावर आली नाही. दादी, नानी आता थोड्याच उरल्या आहेत. तुमच्या घरी असतील तर येत्या शब-ए-बरातच्या आधी त्यांच्याजवळ बसा आणि त्यांची गोष्ट त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या. मी आठवीच्या वर्गाला यंदा तोच गृहपाठ देणार आहे.